देणें आणि देह

इंग्लंडांत एके काळीं अशी समजूत रूढ होती कीं, ऋणको मेला तर धनकोस त्याचें प्रेत अडवून ठेवतां येतें. १८०४ सालीं लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशांनीं ही गोष्ट कायद्यास सोडून आहे असें स्पष्ट सांगितलें. तरीहि १८४१ सालीं एका तुरुंगाधिकाऱ्यानें मृत कैद्याचा देह आपली बाकी चुकती होईपर्यंत देण्याचें नाकारलें, आणि वरिष्ठ न्यायालयास हुकूम काढून तो सोडवावा लागला!

त्याच देशांत मोठ्या वैद्यास मात्र फीसाठीं फिर्याद करतां येत नसे. फिजिशियन हा विद्यापीठाचा पंडित. त्यास मिळतें तें मानधन, मजुरी नव्हे, हा विचार त्यामागें होता. १७९१ च्या चॉर्ली विरुद्ध बोल्कॉट या खटल्यांत तोच कायम झाला. औषधें देणारा अपॉथेकरी आणि शस्त्रवैद्य यांना दावा लावण्यास मोकळीक होती. मानाची ही किंमत मोठी विचित्र खरी. १८५८ च्या मेडिकल ॲक्टानें नोंदलेल्या डॉक्टरांस फी वसूल करण्याचा हक्क दिला, पण ती 'वाजवी' असावी अशी अट घातली. म्हणजे आकडा योग्य कीं अयोग्य हें विचारण्याची जागा ऋणकोस मिळाली. पुढें १८६९ सालीं देण्यापायीं तुरुंगांत टाकणें तेथें बहुतांशीं बंद झालें.

महाराष्ट्रांत हा प्रश्न डॉक्टरानें नव्हे, सावकारानें उभा केला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा दंगा उसळला; गांवोगांव खतें जाळण्यांत आलीं. त्यांतून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास कैद करूं नये, आणि न्यायालयानें रोख्यावरील अंगठ्यावर न थांबतां मागील सारा व्यवहार तपासावा, असें त्यानें ठरविलें. इतरांस अटकेची भीति राहिलीच. १९८० सालीं सर्वोच्च न्यायालयांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं सांगितलें कीं, ऐपतच नसलेल्या प्रामाणिक ऋणकोस केवळ बाकी थकली म्हणून तुरुंग दाखवितां येणार नाहीं.

तेव्हां रुग्णालयानें बिलासाठीं रोग्यास किंवा प्रेतास अडविणें याला आधार कसला? महाराष्ट्रांत शुश्रूषागृहांच्या नियमांत २०२१ सालीं दुरुस्ती होऊन, बाकीच्या कारणानें मृतदेह रोखूं नये असें लिहिलें गेलें. रुग्णालयास बाकी मागावयाची तर दिवाणी दाव्याचा रस्ता मोकळा आहे. आणि तेथें तपशीलवार बिल मांडावें लागतें. पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहकसेवाच, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ठरविलें. त्यामुळें ग्राहक न्यायालयाचें दारहि उघडें झालें. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणें १० टक्के खाटा निर्धनांस विनामूल्य आणि १० टक्के दुर्बलांस सवलतीनें द्यावयाच्या असतात. ती सवलत दाखल होतांनाच मागितलेली बरी.

रोगी मरण पावला तर वारसावर बोजा पडतो तो मिळालेल्या मिळकतीपुरताच. मात्र दाखल करतांना घाईघाईनें हमीपत्रावर सही करणारा नातलग स्वतः बांधला जातो, आणि तो कागद सहसा कोणी वाचीत नाहीं.