दोन प्रबंध, दोन अर्पणपत्रिका

१/ पीएच.डी.साठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. एकीकडे छात्रवृत्ती आहे, दुसरीकडे सारा खर्च पदरचा. कुठे जावे? अहिल्यानगरच्या आमच्या अभ्यासिकेत हा प्रश्न दरवर्षी कुणापुढे तरी उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी विद्यार्थ्याने हे दोन्ही मार्ग चालून पाहिले होते. ते विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

२/ फेब्रुवारी १९१३मध्ये रामजी सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमरावांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची छात्रवृत्ती दिली. मुदत तीन वर्षांची. अट अशी, की शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी.

३/ कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए. झाले. १९१६मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण छात्रवृत्तीची मुदत संपली आणि १९१७मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. निघताना त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली : चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली.

४/ मग कराराप्रमाणे बडोद्याची नोकरी. पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहायला जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. करार पाळायला गेलेल्या माणसाला छप्पर मिळाले नाही. छात्रवृत्तीच्या कागदावर ही किंमत लिहिलेली नव्हती.

५/ नोव्हेंबर १९१८मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली, वेतन दरमहा ४५० रुपये. काटकसरीने पैसे साठवले. शाहू महाराजांनी साहाय्य केले, मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये उसने दिले. जुलै १९२०मध्ये नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला निघाले.

६/ तेथे अर्धपोटी राहून दिवसभर ग्रंथालयात वाचन. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत प्रपंच ओढत होत्या. या शिक्षणाला विनाअनुदानित म्हणावे, तर त्याचे अनुदान रमाबाईच देत होत्या.

७/ १९२१मध्ये एम.एस्सी. आणि १९२३मध्ये डी.एस्सी. छात्रवृत्तीवर सुरू झालेल्या कोलंबियाच्या अभ्यासाची पीएच.डी. विधिवत मिळाली ती मात्र १९२७ साली, प्रबंध ग्रंथरूपाने छापून झाल्यावर.

८/ आता दोन्ही ग्रंथांची अर्पणपत्रिका पाहा. कोलंबियाचा प्रबंध सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे. लंडनचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ मात्र आई-वडिलांच्या स्मृतीला. ऋण दोन्हीकडे होते. धनको वेगळे होते.

९/ आज बार्टी आणि सारथी यांच्या अधिछात्रवृत्तींवर अनेक जण संशोधन करतात. या संस्थांना नावे आहेत ती अनुक्रमे बाबासाहेबांची आणि शाहू महाराजांची. अशी अधिछात्रवृत्ती मिळत असेल तर जरूर घ्यावी. पण तिची मुदत आणि अटी आधी वाचाव्यात, ती संपल्यावर प्रबंध कोणत्या पैशांवर पुरा होईल हेही ठरवावे. मिळत नसेल, तर बाबासाहेबांनीही आधी नोकरी धरली, प्रवेश राखून ठेवला आणि मगच बोट पकडली, हे विसरू नये. आणि घरी कोण काय सोसणार आहे, हे त्या माणसाला विचारूनच निर्णय घ्यावा.