सलाम सांगा

1779 साली मुंबईच्या कंपनी सरकारने एक हुकूम काढला. सोनार ज्ञातीच्या लोकांनी परस्परांस भेटताना 'नमस्कार' हा शब्द वापरू नये, असा तो हुकूम होता. ब्राह्मण आणि सोनार यांच्यातील वाद हे त्याचे कारण. तागड्या घेऊन व्यापाराला आलेल्या परक्या कंपनीने दोन माणसांनी रस्त्यात भेटल्यावर काय म्हणावे याचा निवाडा करावा, याचे आज आपणांस हसू येईल. पण त्या काळच्या माणसांस तो वाद हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. कोणता शब्द कोणी कोणास उच्चारावा यावर माणसाची समाजातील पायरी ठरत होती. महाराने 'जोहार' म्हणावे, कुणब्याने 'रामराम' करावा, सरदारापुढे मुजरा, गुरूपुढे दंडवत. जुन्या मोडी पत्रांचे मायने चाळून पाहावेत. वडिलांस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, बरोबरीच्यास आणखी निराळे शब्द. पत्र उघडताच, मजकूर वाचण्याआधी, लिहिणारा आणि वाचणारा यांची उंची मोजली गेलेली असे.

हे सर्व ध्यानात ठेवून आम्ही आज एका फार जुन्या पत्राच्या शेवटच्या पानाकडे वळणार आहोत. पौल नावाच्या यहुदी तंबू विणणाऱ्या प्रचारकाने इसवी सन 57 च्या सुमारास ग्रीसमधील करिंथ शहरातून रोममधील ख्रिस्ती मंडळीस एक लांबलचक पत्र लिहिले. त्यातील तत्त्वचर्चेवर विद्वानांनी ग्रंथांचे डोंगर उभे केले. पत्राच्या शेवटी मात्र नुसता सलामांचा पाढा आहे. अमक्यास सलाम सांगा, तमकीस सलाम सांगा. उपदेशकांनी हे पान बहुधा घाईने उलटले. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र हेच पान सर्वांत मोलाचे वाटावे, असे आमचे मत आहे. सिद्धांत एकटा माणूसही लिहू शकतो. सलाम सांगावयास माणसे असावी लागतात.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पत्राच्या शेवटी सलाम लिहिण्याची चाल ख्रिस्ती लोकांनी काढलेली नव्हे. मिसरच्या वाळूत त्या काळची शेकडो खासगी पत्रे पपायरसावर टिकून राहिली आहेत. दुसऱ्या शतकात अपियोन नावाचा एक मिसरी तरुण रोमन आरमारात भरती झाला आणि इटलीच्या किनाऱ्यावरून त्याने बापाला पत्र लिहिले. त्यातही त्याने भावंडांस आणि मित्रांस नावे घेऊन सलाम कळविले आहेत. फौजेत गेलेल्या आपल्याकडच्या पोराचे पत्र वाचावे तसेच ते वाटते. मग पौलाच्या यादीत निराळे काय? अपियोनचे सलाम आप्तेष्टांस होते. पौलाच्या यादीतील माणसे एका रक्ताची, एका देशाची, एका पायरीची नव्हती.

ती यादी आता जवळून पाहू. नावानिशी सलाम आहेत ते चोवीस जणांस. शिवाय रूफ याची आई आणि नेरिय याची बहीण यांचा नावाविना उल्लेख आहे. सव्वीसांपैकी नऊ स्त्रिया. प्रिस्क व अक्विला हे जोडपे, तेही तंबूच विणणारे, सम्राट क्लौद्याने यहुद्यांस रोममधून घालविले तेव्हा करिंथास आले होते. पौल नवऱ्याच्या आधी बायकोचे नाव घालतो. अंप्लियात, हर्मेस, पर्सिस ही नावे त्या काळी गुलामांत सर्रास आढळत. पर्सिस म्हणजे 'इराणकडची'. गुलामांच्या बाजारात देशावरून नाव पडत असे. नार्किस नावाच्या कोणा बड्या असामीच्या 'घरातील' माणसांस सलाम आहे. धनी असलेल्या नार्किसास नाही. युनिया नावाच्या बाईस पौल प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. हे पुढील काळच्या काही विद्वानांस इतके अवघड गेले की त्यांनी तिला पुरुष करून टाकले आणि 'युनियास' असे नाव दिले. आता बहुतेक अभ्यासक तिला पुन्हा बाई मानू लागले आहेत.

ज्याने हे पत्र पौलाच्या तोंडून ऐकून कागदावर उतरविले तो लेखनिकही मध्येच स्वतःचा सलाम घालतो. त्याचे नाव तर्तिय. तर्तिय म्हणजे 'तिसरा'. त्याच्या पाठोपाठ 'भाऊ क्वर्त' याचा सलाम येतो. क्वर्त म्हणजे 'चौथा'. मोजून ठेवलेल्या वस्तूंसारखी ही नावे. गुलामांस ती देत. आणि ह्याच क्वर्ताच्या शेजारी, त्याच वाक्यात, करिंथ नगराचा खजिनदार एरास्त बसला आहे. करिंथच्या उत्खननात 1929 साली एरास्त नावाच्या अधिकाऱ्याने स्वखर्चाने फरसबंदी केल्याचा शिलालेख सापडला. तो हाच एरास्त काय, याविषयी मतभेद आहेत. परंतु नगराचा खजिनदार आणि चौथ्या नंबरचा माणूस एका ओळीत यावेत आणि 'भाऊ' हा शब्द चौथ्याच्या वाट्याला यावा, ही गोष्ट मतभेदाची नाही.

पहूरच्या श्रोत्यांस ह्या नावांच्या यादीचे नवल वाटू नये. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. येथून लेण्यांपर्यंतची मजल लहान. अजिंठ्याचे नऊ आणि दहा क्रमांकांचे लेणे पौलाच्या जन्माआधीचे आहे. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादि याने हे घरमुख दान दिले, असे कोरलेले आहे. ह्या कटहादिविषयी आपणांस दुसरे काही माहीत नाही. दगडाने नाव राखले एवढेच. पुढे पहिल्या शतकात भरुच आणि कल्याण या बंदरांतून रोमन साम्राज्याशी व्यापार चाले, तेव्हा घाटांतील लेण्यांत दानकर्त्यांची नावे कोरली जात होती आणि तिकडे समुद्रापलीकडे एका पत्रात गुलामांची नावे लिहिली जात होती. फरक इतकाच की लेण्यावर नाव येण्यास दान द्यावे लागे.

यादी सुंदर आहे. पण नुसत्या यादीवर विसंबून इतिहास लिहू नये. शब्दांचा सलाम स्वस्त असतो. खरी कसोटी पानावर लागते, हे मराठी माणसास समजावून सांगावयास नको. आणि ती कसोटी त्या मंडळीसही लागली. अंत्युखियात यहुदी आणि बिगर-यहुदी ख्रिस्ती एकत्र जेवत असत. पेत्रही त्यांत बसे. यरुशलेमहून याकोबाकडची कडव्या आचाराची काही माणसे आली, तेव्हा पेत्र हळूच पंक्तीतून उठू लागला, वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहुदीही उठले. पौलाने सर्वांसमक्ष त्याच्या तोंडावर त्याला जाब विचारला. ही हकीकत स्वतः पौलाने लिहून ठेवली आहे. पेत्राचे म्हणणे मात्र कोणी लिहून ठेवले नाही, हेही ध्यानात धरावे. करिंथातले दुखणे याहून वेगळे. तेथे प्रभुभोजनाला जमले असता पैसेवाले आधी येऊन खाऊन-पिऊन तृप्त होत आणि मागाहून येणारे गरीब उपाशी राहत. देवळातील भंडाऱ्यात पहिली पंगत कोणाची आणि शेवटची कोणाची, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस करिंथचे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास फार कष्ट पडणार नाहीत.

सलाम पोहोचविणार कोण, हाही प्रश्न होता. रोमन सरकारची डाक सरकारी कामापुरती. खासगी पत्र कोणा जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती द्यावे लागे. रोमचे हे पत्र नेले ते, सर्वसाधारण समजूत अशी आहे, किंख्रिया बंदरातील मंडळीची सेविका फिबी हिने. पौल तिची ओळख करून देतो आणि तिला लागेल ती मदत करा असे लिहितो. असे ओळखपत्र हाती असले की परक्या शहरात अंथरूण आणि भाकर मिळे. अर्थात त्याचा फायदा घेणारेही निघाले. 'दिदाखे' नावाची एक प्राचीन नियमपोथी 1873 साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथसंग्रहात सापडली. तीत पाहुण्या प्रचारकाविषयी नियम आहे : एक दिवस ठेवावे, गरज पडल्यास दुसरा, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा समजावा. निघताना भाकरीखेरीज काही मागू नये, पैसे मागितले तर तोही खोटा. आपल्या मठांच्या कोठीघरांस हा नियम लागू पडला असता तर पुष्कळ बुवांची वाट लवकर सुधारली असती, असे सुचविण्याचा मोह आम्हांस आवरत नाही.

बाहेरच्यांच्या डोळ्यांत हे भाऊपण खुपे. एकमेकांस भाऊ-बहीण म्हणणाऱ्या ह्या लोकांविषयी नाही नाही त्या कंड्या पिकल्या. ल्युशियन नावाच्या दुसऱ्या शतकातील विनोदी लेखकाने त्यांची टर उडविली आहे. पण उडविता उडविता तो सांगून जातो की त्यांचा एक माणूस तुरुंगात पडला तेव्हा विधवा आणि अनाथ मुले पहाटेपासून दाराशी बसत आणि आत जेवण पोहोचविले जाई. शत्रूची ही साक्ष आम्ही कोणत्याही भक्ताच्या साक्षीहून वरची मानतो.

पौलाने सलामांच्या यादीच्या शेवटी एकमेकांस पवित्र चुंबनाने भेटा असे सांगितले आहे. इसवी सन 155 च्या सुमारास जस्टिनने लिहिलेल्या वर्णनात प्रार्थनेनंतर हे चुंबन आढळते. पुढे त्याचा अतिरेक होऊ नये म्हणून ताकिदी आल्या; स्त्रियांनी स्त्रियांस आणि पुरुषांनी पुरुषांस असा निर्बंध पडला. केरळच्या सिरियन ख्रिस्ती देवळांत तीच शांतीची खूण तळहातांतून तळहातांत, एकाकडून दुसऱ्याकडे, अशी दिली जाते.

मराठी मुलखात हे पत्र आले तेव्हा भाषांतरकारांपुढे शब्दाचा प्रश्न होता. मराठी पवित्र शास्त्रात ह्या जागी 'सलाम' रूढ झाला, आणि मराठी ख्रिस्ती समाजात भेटीचा शब्दही तोच झाला. हा शब्द हिब्रू 'शालोम'चा सख्खा चुलत भाऊ. आमच्या मते त्याचा मोठा गुण दुसराच : 'नमस्कार' कोणी कोणास म्हणावा याचे भांडण सरकारदरबारी गेले होते, 'जोहारा'वर एका जातीचा शिक्का होता, 'सलामा'वर असा पायऱ्यांचा हिशेब चढलेला नव्हता.

पण येथेही गाडे शब्दावर न थांबता पानापाशीच आले. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. कोर्टाने त्यास बापाच्या ताब्यात दिले. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वाद पेटला तो मुलाने ख्रिस्ती घरी अन्न घेतले यावर. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून खटपट केली आणि सनातनी मंडळींचा रोष पत्करला. अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, हरि रामचंद्र खिस्ती या ब्राह्मणाने 1839 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याला महार बंधूंबरोबर एका भाकरीस हात लावावा लागला; 1854 साली तोच त्या भागातील मंडळीचा पाळक झाला. यावरून जात देवळाच्या दाराशी गळून पडली असे मात्र कोणी समजू नये. महार आणि मांग यांच्यातील अंतर बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन निघाले नाही, ही तक्रार ख्रिस्ती समाजातूनच पुढे कितीदा तरी ऐकू आली. पेत्र पंक्तीतून उठला होता; त्याचे अनुयायी उठले तर आश्चर्य काय?

ह्या कसोटीची मराठीतील सर्वांत प्रांजळ हकीकत आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त मिळते. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे नवऱ्याच्या घरी आल्या तरी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही. उलट बायकोच्या सोवळ्याची सोय लावून दिली. मग एके दिवशी बाईंनी आपल्याच मनाशी वाद घातला. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणा पाद्र्यास विचारला नाही. स्वतःच सोडविला आणि कोणाच्याही हातचे खाण्यास मोकळ्या झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, 1900 साली. धर्म बदलल्यावर पंक्त बदलते असा लोकांचा समज. येथे क्रम उलटा आहे.

आणि टिळकांस तरी मंडळीतले भाऊपण पुरेसे कोठे वाटले? 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा मेळा काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सर्व त्यात बरोबरीने बसावेत ही त्यांची कल्पना होती. मिशनच्या साहेबाने पगार द्यावा आणि देशी पाळकाने तो घ्यावा, अशा नात्यात भाऊ हा शब्द नीट बसत नाही, हे त्यांस सलू लागले होते. दरबार भरला, माणसेही जमू लागली. पण 9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले आणि तो मेळा त्यांच्यामागे फार दिवस टिकला नाही.