बियाण्याला लावायच्या बुरशीतून नारळाचा स्वाद कसा मिळतो?

वाशीम जिल्ह्यातील अनसिंग परिसरात सोयाबीन आणि तूर ही खरिपाची मुख्य पिके. पेरणीआधी तुरीच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा लावण्याची शिफारस केली जाते. ही मित्रबुरशी मर रोगाच्या बुरशीला रोखते. तिचा दुसरा गुण मात्र कमी जणांना माहीत असतो: तिच्या काही प्रकारांना चक्क खोबऱ्यासारखा वास येतो.

हा वास कशाचा?

'६-पेंटिल-अल्फा-पायरोन' या संयुगाचा. १९७२ मध्ये ते ट्रायकोडर्मा विरिडे या बुरशीतील मुख्य सुगंधी घटक म्हणून ओळखले गेले. बुरशीसाठी हे शस्त्र आहे. मर रोग घडवणाऱ्या फ्युजेरियमसारख्या बुरशींची वाढ ते मंदावते. आपल्या नाकाला मात्र ते नारळासारखे वाटते.

बायोरिॲक्टरमध्ये काय होते?

बायोरिॲक्टर म्हणजे निर्जंतुक बंद टाकी. त्यात साखर, क्षार आणि हवा देऊन बुरशी वाढवतात. इथे दोन अडचणी येतात. संयुग साठत गेले की ते खुद्द ट्रायकोडर्मालाच बाधते. शिवाय जोरात ढवळले तर बुरशीचे नाजूक तंतू तुटतात.

यावर उपाय म्हणजे टाकीत तेलासारखा द्रव किंवा शोषून घेणारी राळ घालणे. संयुग तयार होताच त्यात उतरते आणि बुरशी काम करत राहते. उसाच्या ओलसर चिपाडावर बुरशी वाढवूनही हे संयुग मिळवता येते.

मग हा स्वाद 'नैसर्गिक' कसा?

युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार सूक्ष्मजीवांच्या प्रक्रियेतून मिळवलेला, निसर्गात आढळणारा स्वादघटकही नैसर्गिक ठरतो. तोच रेणू रासायनिक पद्धतीने बनवला, तर तो शब्द वापरता येत नाही. पीचचा स्वाद देणारे गॅमा-डेकॅलॅक्टोनही असेच, एरंडेल तेलावर यीस्ट वाढवून बनवतात.

लेबल कसे वाचावे?

युरोपात 'नैसर्गिक नारळ स्वाद' लिहायचे, तर त्यातील किमान ९५ टक्के स्वादघटक नारळातूनच यावे लागतात. नुसते 'नैसर्गिक स्वाद' लिहिले असेल, तर तो बुरशीकडूनही आलेला असू शकतो.

लक्षात ठेवा: बीजप्रक्रियेचे पाकीट शेतासाठीच असते. ते खाण्यासाठी नाही. खाद्यस्वादासाठी संयुग बुरशीपासून वेगळे करून शुद्ध करावे लागते.