स्क्रीनवरचा नंबर लिहितं कोण?

'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्या वाचताना मला एक प्रश्न सारखा पडतो. स्क्रीनवर +९१ ने सुरू होणारा नंबर दिसतो आणि बोलणारा बसलेला असतो कुठल्यातरी परदेशातल्या खोलीत. मग तो नंबर तिथे लिहिला कोणी? "हॅक केलं असेल" म्हणून आपण मोकळे होतो. पण यात बऱ्याचदा हॅकिंग लागतच नाही. ते का लागत नाही, हे समजायला तीसेक वर्षं मागे जावं लागतं. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

फोन कॉलमध्ये दोन गोष्टी असतात. एक आवाज. दुसरी म्हणजे आवाजाच्या आधीची बोलणी: कोण बोलावतंय, कोणाला हवंय, घंटा वाजवा, उचलला, ठेवला. याला सिग्नलिंग म्हणतात. अमेरिकेत एकेकाळी ही बोलणी आवाजाच्याच तारेवरून चालायची. २६०० हर्ट्झची शिट्टी वाजवली की एक्स्चेंजला वाटायचं लाइन मोकळी झाली, आणि पोरं फुकट ट्रंक कॉल लावायची. ॲपल निघण्याआधी वॉझनियाक आणि जॉब्ज यांनी असल्या शिट्ट्यांचे डबे विकलेत, हे आता सगळ्यांना माहीत आहे. कंपन्या शहाण्या झाल्या. त्यांनी ही बोलणी वेगळ्या वाटेवर नेली, जिथे ग्राहकाचा हात पोहोचणार नाही. तुमचा नंबर तुम्ही सांगायचा नाही, तो एक्स्चेंज सांगणार, कारण तार कोणाच्या घरात गेली आहे हे त्याला ठाऊक.

मग इंटरनेट आलं. १९९५ मध्ये इस्रायलच्या व्होकलटेक कंपनीने कॉम्प्युटरवरून बोलण्याचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं. आवाज तर जायला लागला, पण घंटा कशी वाजवायची याची सर्वमान्य पद्धत नव्हती. ती ठरवायला दोन वेगळ्या मंडळींनी सुरुवात केली.

पहिली मंडळी टेलिफोनवाली. जिनिव्हाच्या आयटीयूने १९९६ मध्ये 'एच.३२३' हे मानक काढलं. मुळात ते ऑफिसातल्या लोकल नेटवर्कवरच्या व्हिडिओ कॉलसाठी होतं, लोकांनी ते जगभर ताणलं. घंटेची पद्धत त्यांनी आयएसडीएन फोनवरूनच उचलली होती. सगळं शिस्तीत, पण संदेश बायनरीत, यंत्राशिवाय कोणाला वाचता यायचे नाहीत.

दुसरी मंडळी विद्यापीठांतली. हेनिंग शुल्झरिन, मार्क हँडली, ईव्ह स्कूलर यांना इंटरनेटवरच्या चर्चासत्राला लोकांना बोलवायचं होतं, बस. त्यातून 'सिप' जन्मलं. (म्युच्युअल फंडवाली एसआयपी नव्हे!) मार्च १९९९ मध्ये त्याचं पहिलं मानक आलं, जून २००२ मध्ये सुधारित. सिपचा संदेश साध्या अक्षरांत असतो, ईमेलसारखा. 'इन्व्हाइट' पाठवायचं, समोरून '१८० रिंगिंग' येतं, उचलला की '२०० ओके', ठेवला की 'बाय'. ईमेलसारखीच त्यात 'फ्रॉम'ची ओळ असते. आणि ती ओळ पाठवणाराच लिहितो!

ओळखीच्या प्राध्यापकांना निमंत्रण द्यायचं असेल तर यात वावगं काही नाही. लग्नपत्रिकेवरचं निमंत्रकाचं नाव आपण कुठे तपासतो? पण हेच सिप साधं आणि लवचिक म्हणून जिंकलं. २००० साली मोबाइलवाल्यांच्या मानक संस्थेने पुढच्या नेटवर्कसाठी त्याची निवड केली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, तेव्हा त्यांच्याकडे २जी-३जी नव्हतंच. सगळे कॉल व्होल्टे, म्हणजे घंटा सिपची. आज तुमच्या-माझ्या ४जी फोनवरून साधा कॉल लागतो तोही बहुतेक असाच.

आता दिल्लीकडे वळू. १९९९ च्या दूरसंचार धोरणात इंटरनेट टेलिफोनीला तूर्तास परवानगी नाही, असं स्वच्छ लिहिलं होतं. परदेशी कॉलचं उत्पन्न मोठं होतं, विदेश संचार निगमची मक्तेदारी होती. ती संपली आणि १ एप्रिल २००२ पासून दार किलकिलं झालं. कॉम्प्युटर ते कॉम्प्युटर चालेल, भारतातल्या कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनवर चालेल. एच.३२३ आणि सिप ही नावंही सरकारी नियमांत आली. पण इंटरनेट कंपनीच्या ग्राहकाला फोन नंबर मिळणार नाही आणि भारतातल्या साध्या फोनवर त्याला घंटा वाजवता येणार नाही.

त्या काळात मी संध्याकाळी एका सायबर कॅफेत काउंटर सांभाळायचो. एक काकू दर रविवारी न्यू जर्सीतल्या मुलाशी हेडफोन लावून बोलायच्या. कार्डातले पैसे संपले की "आता तू कर रे" म्हणायच्या. तो करणार कुठे? त्या कॉम्प्युटरला नंबरच नव्हता. काकूंना हे पटवून देणं मला कधी जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही ते पटलेलं नव्हतं.

नंबर द्यायला दिल्लीने २०१८ उजाडवलं. मधल्या सोळा वर्षांत मागणी काही थांबली नाही, ती चोरवाटांनी गेली. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल शंभर सिमकार्डं खोचलेल्या डब्यातून लोकल कॉल बनवून सोडायचा, हा 'सिम बॉक्स'चा धंदा. त्याच्या धाडींच्या बातम्या आजही येतात. माझं मत असं, की नंबर वेळेत आणि केवायसीसकट दिले असते तर या धंद्याची निम्मी हवा तेव्हाच गेली असती.

अमेरिकेत काय झालं तेही बघा. खोट्या नंबरांचा तिथेही सुळसुळाट झाला, तेव्हा २०१४ मध्ये या दुखण्याचं नेमकं निदान मांडणारा दस्तऐवज निघाला. त्याच्या लेखकांत पुन्हा शुल्झरिन होते. पुढे कॉलच्या नंबरावर फोन कंपनीने डिजिटल सही करायची पद्धत आली आणि जून २०२१ पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना ती सक्तीची झाली.

आपण वेगळा रस्ता धरला. २२ ऑक्टोबर २०२४ ला दूरसंचार विभागाने सीमेवर चाळणी बसवली: परदेशातून +९१ नंबर दाखवत कॉल आला तर तो ग्राहक खरंच परदेशात आहे का, ते बघायचं. पहिल्या चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख कॉल खोटे निघाले. परदेशातून भारतीय नंबर दाखवत आलेल्या कॉलपैकी हे जवळजवळ नव्वद टक्के! सिम बॉक्स मात्र या चाळणीत सापडत नाही, कारण तो देशातच बसलेला असतो.

फोन करणाऱ्याचं नाव दाखवायची शिफारसही ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. नाव दिसणार ते सिमच्या फॉर्मवरचं. भाड्याच्या आधारकार्डावर काढलेल्या सिमवर कोणाचं नाव दिसेल, हे ट्रायला विचारायला हवं. शिवाय 'डिजिटल अरेस्ट'वाले पहिल्या पाच मिनिटांत माणसाला व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर नेतात, आणि तिथे घंटा वाजते ती त्या कंपनीच्या स्वतःच्या नियमाने. तिथपर्यंत ना ही चाळणी पोहोचते, ना ट्रायचं नाव.