शब्दांची फोड

यवतमाळ हे नाव आपण पत्त्यावर लिहितो, मोटारीच्या पाटीवर वाचतो; पण त्याची फोड करून पाहावी असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. जिल्ह्याच्या गॅझेटियरात ती दिलेली आहे. गावाचे मूळ नाव येवता किंवा यवत. आणि पुढचा ‘माळ’ म्हणजे परगण्याचे ठाणे अशा अर्थाच्या ‘महाल’ या शब्दाचे झिजून गेलेले रूप. अकबराच्या वेळच्या ‘आईन-इ-अकबरी’त हेच ठिकाण शेजारच्या लोहाऱ्याशी जोडून ‘योत-लोहारा’ असे आलेले आहे. पुढे इंग्रज आले आणि त्यांनी आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याचे ‘येओतमाळ’ करून टाकले. म्हणजे धड देशी, शेपूट अरबी आणि स्पेलिंग विलायती! शब्द नीट फोडला की त्याच्या पोटातला इतिहास असा आपोआप बाहेर पडतो.

ज्या इंग्रजीने आपल्या गावाचे नाव असे बदलले, तिचेच शब्द फोडण्याची ही गोष्ट आहे. आणि ती वाटते तितकी परक्या घरची नाही.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६४ साली वणीच्या नावाने या भागाचा जिल्हा झाला, १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले, आणि १९०५ साली जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. कारभाराबरोबर इंग्रजीही आली. कोर्टातला निकाल इंग्रजीत, वरच्या कचेरीतला हुकूम इंग्रजीत. कापूस पिकवणाऱ्या कुळाचे दैव ज्या कागदावर लिहिलेले असे, तो कागद त्याला वाचता येत नसे. आणि वाचून दाखवणारा जे सांगेल ते खरे मानावे लागे. तेव्हा लांबलचक इंग्रजी शब्द समजणे ही केवळ परीक्षेची बाब नव्हती. ज्याला शब्द कळे त्याच्या हाती सत्ता असे.

हे शब्द शिकण्याची आपल्याकडची रीत म्हणजे पाठांतर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढे ठेवायची, दिव्याशी बसायचे आणि स्पेलिंग व अर्थ घोकत राहायचे. मोठमोठे शब्द एकेक करून उचलताना मुलांची मान मोडून येई. पण त्याच मुलांच्या दप्तरात दुसरे एक पुस्तक असे, संस्कृतचे; आणि इंग्रजीच्या कुलुपाची किल्ली त्यात होती, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

ती किल्ली जगापुढे आली कलकत्त्यास. २ फेब्रुवारी १७८६ रोजी सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने तिथल्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना सांगितले की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंत व व्याकरणात इतके साम्य आहे की त्या एकाच मुळातून निघाल्या असल्या पाहिजेत, आणि ते मूळ कदाचित आज उरलेलेही नसेल. म्हणजे संस्कृत ही लॅटिनची आई नव्हे, बहीण. आणि इंग्रजीतले जड शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेले असल्यामुळे त्या घरात आपली मावशी नांदते आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या नात्याची ओळख पटवून घ्यायला पंडित व्हावे लागत नाही. भूमितीतली ‘परिमिती’ घ्या. ‘परि’ म्हणजे सभोवार, ‘मा’ म्हणजे मोजणे. इंग्रजीत तिला ‘पेरिमीटर’ म्हणतात. ग्रीक ‘पेरि’ म्हणजे सभोवार आणि ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. ‘त्रिकोणमिती’ आणि ‘ट्रिगोनॉमेट्री’ शेजारी ठेवा, तुकड्याला तुकडा जुळतो. संस्कृतात नकारार्थी ‘अ’ स्वरापुढे ‘अन्’ होतो, तसाच तो ग्रीकमध्येही होतो. म्हणून ज्याचे नाव कळत नाही तो तिकडे ‘अनॉनिमस’ आणि इकडे ‘अनामिक’. ‘स्था’ म्हणजे उभे राहणे. लॅटिनमध्ये तोच ‘स्ता’. त्यातून ‘स्टेशन’ निघाले आणि आपले ‘स्थानक’ही. वाटेत आडवा उभा राहतो तो ‘ऑब्स्टॅकल’, एकमेकांपासून दूर उभे राहणे म्हणजे ‘डिस्टन्स’, आणि माणसाच्या सभोवार जे उभे असते ते ‘सर्कमस्टन्स’. आता ‘परिस्थिती’ हा शब्द फोडून पाहा: परि आणि स्थिती. सभोवार उभे असलेलेच!

उपसर्गांची ही करामत आपल्या शाळेत एका ‘हृ’ धातूवर शिकवीत. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार: धातू एक, पण उपसर्ग बदलला की जेवणाचा मार होतो आणि माराचा नाश. इंग्रजीत हेच ‘फर’चे. लॅटिन ‘फेर’ म्हणजे वाहून नेणे, आपल्या ‘भार’ आणि ‘भरण’ यांतल्या ‘भृ’चा सख्खा भाऊ. पलीकडे नेले की ‘ट्रान्स्फर’, पुढे धरले की ‘प्रिफर’, माघारी नेले की ‘रिफर’, वेगळे नेले की ‘डिफर’. दहा शब्द घोकण्यापेक्षा एक धातू आणि दहा उपसर्ग ओळखीचे करून घेणे हा शहाण्या माणसाचा सौदा आहे. मात्र सावधगिरी हवी. ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ लॅटिनचा, म्हणजे आपला ‘पद’, पाय. पण मुलांच्या डॉक्टरच्या ‘पेडियाट्रिक’मधला ‘पेड’ ग्रीक, आणि त्याचा अर्थ मूल. चेहरा सारखा म्हणून नातेवाईक मानले तर फसगत ठरलेली.

या दोन्ही विद्या ज्यांच्या हाती होत्या असे एक गृहस्थ आपल्याच जिल्ह्याने पाहिले. लोकनायक माधव श्रीहरी अणे यांचा जन्म वणीचा, १८८० सालचा. यवतमाळला त्यांनी वकिली केली, म्हणजे इंग्रजी कायद्याच्या शब्दांशी त्यांचा रोजचा व्यवहार. आणि लोकमान्यांचे चरित्र लिहिले ते संस्कृत काव्यात, ‘तिलकयशोर्णव’ या नावाने. १९६८ साली ते वारले. या ग्रंथाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या पश्चात मिळाला.

स्वराज्य आल्यावर गोष्ट उलटी फिरली. आतापर्यंत इंग्रजी शब्द फोडून समजून घ्यायचे होते. आता ते फोडून त्यांच्या जागी आपले शब्द घडवायचे होते. यवतमाळ १९५६ पर्यंत नागपूरच्या कारभाराखाली होते, आणि त्या नागपुरात हे काम हाती घेतले डॉ. रघुवीर यांनी. त्यांचे म्हणणे असे की, संस्कृतचे धातू, उपसर्ग आणि प्रत्यय एवढी टाकसाळ जवळ असता उसने नाणे कशाला? पाचशे धातू, वीस उपसर्ग आणि ऐंशी प्रत्यय घेतले तर नुसत्या गुणाकाराने आठ लाख शब्द होतात. ‘कायदा’ या शब्दापासून ‘कायदेशीर’ आणि ‘बेकायदा’ होतात आणि गाडी अडते. पण ‘विधि’ घेतला की विधान, विधेयक, वैध, अवैध, वैधानिक असे सारे गोत उभे राहते, जसे इंग्रजीत ‘लीगल’, ‘इल्लीगल’, ‘लेजिस्लेचर’ यांचे एकच गोत आहे. विचार बिनतोड होता. पुढे महाराष्ट्र राज्य झाले, १९६० साली भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ साली ‘पदनाम कोश’ आला. लोकांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून यथेच्छ हसून घेतले.

हसणारे खरे की घडवणारे खरे? उत्तर इंग्रजीच्याच इतिहासात सापडते. सोळाव्या शतकात इंग्लंडातले विद्वान लॅटिनवरून असेच शब्द पाडीत होते आणि लोक त्यांना ‘दौतीतले शब्द’ म्हणून हिणवीत. १५५३ साली टॉमस विल्सन नावाच्या ग्रंथकाराने अशा शब्दांनी खच्चून भरलेले एक पत्र थट्टेसाठी छापले. गंमत अशी की, त्याने ज्यांची टर उडवली त्यांतले ‘सेलिब्रेट’ आणि ‘डेक्स्टेरिटी’ आज सर्रास चालतात, आणि ‘इंजेंट’सारखे काही कुठल्या कुठे विरून गेले. कोणता जगेल हे ना विल्सनला कळले, ना शब्द पाडणाऱ्यांना. निकाल दिला तो लोकांच्या जिभेने.

आपल्याकडेही तेच झाले. अभियंता, अधीक्षक, आयुक्त, विधेयक हे शब्द आज वर्तमानपत्रात डोळ्यांना खुपत नाहीत. ‘जिल्हाधिकारी’ पाटीवर स्थिरावला, पण बांधावरचा माणूस अजून ‘कलेक्टरसायेब’च म्हणतो. ‘तहसीलदार’ तर अरबी मूळ आणि फारसी प्रत्यय घेऊनही कुणाला हलवता आला नाही. आणि लोक स्वतः काही कमी टाकसाळी नाहीत. रेल्वे आली तेव्हा त्यांनी कुणा पंडिताची वाट पाहिली नाही. आग आणि गाडी जोडून ‘आगगाडी’ करून मोकळे झाले. ‘वायरलेस’ आले तेव्हा ‘बिनतारी’ झाले. ‘वायर’ला तार आणि ‘लेस’ला बिन, इतकी चोख फोड कोशकारालाही साधली नसती. मूर्तिजापूरहून यवतमाळला धावणाऱ्या अरुंद रुळांच्या चिमुकल्या गाडीला तर त्यांनी ‘शकुंतला’ म्हटले. तिथे धातूही नाही आणि उपसर्गही नाही, निव्वळ माया आहे!

म्हणून शब्दांची मुळे शिकावीत ती दोन्ही कामांसाठी. इंग्रजी शब्द पुढ्यात आला तर त्याला भिऊ नये. हातात घेऊन फोडावा, आतून पुष्कळदा ओळखीचाच माणूस निघतो. आणि आपला शब्द घडवायचा झाला तर मूळ शुद्ध असून भागत नाही; तो ज्याच्यासाठी घडवला त्याच्या तोंडात बसला पाहिजे. एके काळी आपल्या कुळाला इंग्रजी कागद वाचता येत नव्हता. आज कागद मराठीत येतो, पण त्यावरचा शब्द त्याला पुन्हा कुणाकडून तरी समजून घ्यावा लागत असेल, तर भाषा बदलली एवढेच. कागद त्याच्या हाती आला असे नव्हे.

या दिवाळीत फराळाची ताटे समोर असताना घरातल्या मुलांना एक खेळ द्या. ‘स्था’ हा एकच धातू सांगा. निम्म्यांनी त्याचे मराठी शब्द काढावेत, निम्म्यांनी इंग्रजी. आजीलाही घ्या खेळात. अवस्था, व्यवस्था, प्रस्थान ती सांगेलच. आणि तिच्या माहेरच्या बोलीतला एखादा असा शब्द सांगेल की जो कुठल्याच कोशात नसेल. तो मात्र लिहून ठेवा.