वाशीमच्या घड्याळात डॅलस

22 नोव्हेंबर 1963, शुक्रवार. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत. डॅलस आपल्यामागे साडेअकरा तास.

रात्रीचे सव्वाआठ. अकोला जिल्ह्यातल्या वाशीम तालुक्यात कापूस वेचणीचे, ज्वारी सोंगणीचे दिवस. टेक्सासमध्ये सकाळ आहे. फोर्ट वर्थच्या हॉटेलबाहेर भुरभुर पावसात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी जमलेल्या लोकांशी बोलताहेत. पुढच्या वर्षी निवडणूक आणि इथे त्यांच्याच पक्षात दुफळी. गव्हर्नर कॉनली एकीकडे, सिनेटर यारबरो दुसरीकडे. दौरा त्यासाठीच.

10:55. विमान डॅलसकडे निघतं. उड्डाण अवघं 13 मिनिटांचं. मागे वॉशिंग्टनमध्ये त्यांचं सर्वांत मोठं काम अडकून पडलंय: काळ्या नागरिकांना हॉटेलात, दुकानात, नोकरीत समान वागणूक देणारं विधेयक. 11 जूनला त्यांनी त्यासाठी देशाला साद घातली होती. तोवर या प्रश्नावर ते बेताबेतानेच बोलत आले होते, हेही सांगायला हवं. विधेयक प्रतिनिधिगृहाच्या एका समितीतून सुटून दुसरीकडे निघालंय, आणि या दुसऱ्या समितीचा अध्यक्ष त्याचा कट्टर विरोधक.

11:08. लव्ह फील्ड विमानतळ. पाऊस थांबून ऊन पडलंय, म्हणून मोटारीचं पारदर्शक छत काढून ठेवलंय. ते छत गोळी अडवणारं नव्हतंच. पण ‘पाऊस थांबला नसता तर’ हे लोक आजही म्हणतात.

11:25. ताफा निघतो. मार्ग 19 तारखेच्याच वर्तमानपत्रांत छापून आलेला. त्याच मार्गावर शालेय पुस्तकांचं एक गोदाम आहे. पुढे खुनाचा आरोप ज्याच्यावर आला तो ली हार्वी ऑस्वाल्ड तिथे महिनाभरापूर्वी, मार्ग ठरण्याच्या आधीच, कामाला लागला होता.

11:59. गर्दी उत्साहात आहे. डॅलसचं तुमच्यावर प्रेम नाही असं आता म्हणता येणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी कॉनलींच्या पत्नी मागे वळून म्हणतात. गोदामासमोर रस्ता चांगलाच वळतो. मोटारीचा वेग सायकलीइतका.

12:00. गोळ्या सुटतात. आपल्याकडे नेमकी मध्यरात्र, तारीख बदलते.

12:30. पार्कलंड रुग्णालयात डॉक्टर मृत्यू जाहीर करतात. वय 46.

1:03. पत्रकारांना अधिकृत बातमी मिळते.

2:08. विमानतळावर उभ्या विमानातच उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन अध्यक्षपदाची शपथ घेतात. शपथ देतात सारा ह्यूज, एक स्त्री न्यायाधीश. अडकलेलं विधेयक पुढे याच जॉन्सननी रेटलं. 2 जुलै 1964 ला त्याचा कायदा झाला. केनेडींना ते जमलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

24 नोव्हेंबर. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं निधन. रात्री 10:51 ला डॅलसच्या पोलीस ठाण्यात अटकेतल्या ऑस्वाल्डवर गोळी झाडली जाते.

5 डिसेंबर. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होतात. गाव गहुली, पुसद तालुका, म्हणजे वाशीमच्या शेजारचंच. 1977 ला ते वाशीममधूनच लोकसभेवर गेले. जिल्हा परिषदांचा पाया ज्या अहवालावर घातला गेला, तो त्यांच्याच समितीचा. केनेडींना तीन वर्षंही पुरती मिळाली नाहीत, नाईकांना अकरा मिळाली. संकरित ज्वारी आणि कृषी विद्यापीठं त्याच अकरा वर्षांतली.

देश तेव्हा पी.एल. 480 या अमेरिकन अन्नमदत कायद्याखाली येणाऱ्या गव्हावर तगून होता. केनेडींच्या काळात तो गहू करारानुसार येत राहिला. 1965 पासून जॉन्सननी हात आखडला आणि दर थोड्या दिवसांनी, थोडाथोडाच गहू सोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी पुण्यात शनिवारवाड्यासमोर नाईक बोलून गेले, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या.