ग्लोरिया आणि क्रेदो : गाण्याचे दिवस

नाताळच्या मध्यरात्रीं रोमन कॅथॉलिक देवळांत मिस्सा ऐकावयास गेलेल्या परक्या माणसास तेथील सर्वच प्रार्थना सारख्या नित्याच्या वाटतात. परंतु त्यांपैकीं दोन रोज गावयाच्या नाहींत. एक ‘ग्लोरिया’, म्हणजे बेथलेहेमच्या मेंढपाळांनीं ऐकिलेल्या देवदूतांच्या स्तुतीपासून आरंभ होणारें गौरवगीत. दुसरी ‘क्रेदो’, म्हणजे श्रद्धेची कबुली. त्या कोणत्या दिवशीं गाव्या यावर शतकानुशतकें वाद झाला, आणि तो निव्वळ पंचांगाचा वाद नव्हता.

ग्लोरिया मूळचें ग्रीक, प्रातःकाळच्या उपासनेंतील. रोम येथें तें प्रथम नाताळच्या रात्रीं गाइलें जाई. पोप सिमॅकस (४९८–५१४) यानें तें रविवारीं व हुतात्म्यांच्या सणांसहि गाण्याची मोकळीक दिली. पण ती बिशपांना. साध्या धर्मगुरूच्या वांट्यास वर्षांतून एकच दिवस येई, तो ईस्टरचा! अकराव्या शतकांत राइखेनाऊचा मठाधिपति बर्नो यानें विचारलें कीं, ज्या नाताळांत या गीताचा जन्म झाला त्या दिवशीं तरी धर्मगुरूंनीं तें कां गाऊं नये? प्रश्न बिनतोड होता. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा भेद मावळला. आगमनकाळांत व उपासकाळांत मात्र रविवारींहि ग्लोरिया गात नाहींत. पवित्र गुरुवारीं तें सुरू होतांच घंटा वाजतात आणि नंतर ज्या मुक्या होतात, त्या ईस्टरच्या रात्रीं पुन्हां ग्लोरियाबरोबरच बोलूं लागतात.

क्रेदोची कथा अधिक राजकीय आहे. ख्रिस्तास पित्याहून कनिष्ठ मानणारा एरियन पंथ सोडून स्पेनचा राजा रेकारेड कॅथॉलिक झाला, तेव्हां ५८९ सालीं टोलेडोच्या धर्मपरिषदेनें मिस्सेंत ही कबुली म्हणण्याची आज्ञा केली. पुढें शार्लमेनच्या दरबारीं ती गाइली जाऊं लागली. पवित्र आत्मा पित्यापासून ‘व पुत्रापासून’ निघतो, असे शब्द तींत पश्चिमेकडे घातले गेले होते. पोप तिसरा लिओ यास तो सिद्धान्त मान्य होता, पण जुन्या पाठांत भर घालणें मान्य नव्हतें. त्यानें त्या शब्दांवांचूनचा पाठ चांदीच्या पत्र्यांवर कोरविला आणि मिस्सेंतील हें गायन हळूहळू बंद करण्याचा सल्ला दिला. तो कोणी मानला नाहीं.

१०१४ सालीं दुसरा हेन्‍री राज्याभिषेकासाठीं रोमला आला. येथें क्रेदो कां गात नाहींत, असें त्यानें विचारलें. उत्तर मिळालें कीं, रोमचें पीठ पाखंडानें कधींच विटाळलें नाहीं, त्यास वारंवार कबुली देण्याचें कारण काय? उत्तर बाणेदार खरें, थोडें गर्विष्ठहि. बर्नोनेंच हा प्रसंग लिहून ठेविला आहे. पोप आठवा बेनेडिक्ट अखेर नमला.

मग रविवार, क्रेदोंत ज्यांचा उल्लेख आहे त्यांचे सण, आणि श्रद्धेचे शिक्षक म्हणून प्रेषितांचे व धर्माचार्यांचे सण, असा प्रघात पडला. त्या मानकऱ्यांत एक स्त्रीहि होती. पुनरुत्थानाची वार्ता प्रेषितांना प्रथम मग्दालीया मरीयेनें सांगितली, म्हणून २२ जुलैस क्रेदो गाइला जाई. विसाव्या शतकांतील सुधारणांत तिचा हा मान गेला, आणि १९६९ च्या नव्या व्यवस्थेंत ग्लोरियाहि गेलें. २०१६ सालीं पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनें तिच्या दिवसास प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. ग्लोरिया परत आलें. क्रेदो मात्र आतां प्रेषितांच्या बहुतेक सणांसहि, रविवार नसल्यास, गात नाहींत.